आवाज कपाळात नसतो: गाणं शिकवणाऱ्यांना एक खुलं पत्र

गाणं शिकवणाऱ्या सगळ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी एका कार्यशाळेत मागच्या रांगेत बसले होते. शिकवणारे गृहस्थ जाणते, गळा सुरेल, स्वभाव गोड. समोर पंधरा-वीस मुलंमुली. आवाज कसा लावायचा हे ते दोन तास समजावत होते आणि मी चाळा म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर त्यांच्या उपमा टिपत होते. आवाज कारंज्यासारखा उसळू दे. घसा म्हणजे रिकामा बोगदा आहे असं समज. सूर कपाळावर ठेव. नाभीतून उचल. डोक्याच्या मागून फिरवून पुढे आण. पायांतून मुळं जमिनीत जाऊ देत. एकूण एकोणीस भरल्या. त्यांतल्या निदान चार एकमेकींच्या विरुद्ध होत्या. मुलं माना डोलावत होती. मध्यंतरात मात्र एका मुलीनं शेजारणीला हळूच विचारलं, "कपाळावर ठेवायचा की डोक्यामागून फिरवायचा?" शेजारीण ठामपणे म्हणाली, "आधी फिरवायचा, मग ठेवायचा."

मला हसू आलं आणि पाठोपाठ लाज वाटली. त्या एकोणीसपैकी तेरा-चौदा तरी मी स्वतः वापरते. वीसेक वर्षं वापरत आले आहे. हे पत्र त्या लाजेपोटी लिहिते आहे, तेव्हा यात कुठे उपदेशाचा सूर लागला तर तो आधी माझ्याकडे वळवून वाचावा.

उपमा वापरू नका, असं मला म्हणायचं नाही. त्यांच्यावाचून गाणं शिकवता येईल असं मला वाटतच नाही. पेटीवर बोट चुकलं तर ते दिसतं, उचलून योग्य पट्टीवर ठेवता येतं. तबल्यावर हात कसा पडतो ते समोर बसून बघता येतं. आपलं वाद्य गळ्याच्या आत, कूर्चेच्या डबीत बंद. स्वरतंतूंची लांबी एक ते दोन सेंटिमीटरच्या आसपास. २२० हर्ट्झचा सूर लावला की ते सेकंदाला २२० वेळा उघडतात आणि मिटतात. हे चाललेलं असताना आपल्याला त्यातलं काही कळत नाही. तंतू ताणणारा स्नायू (क्रिकोथायरॉइड) वेगळा, त्यांना आखूड आणि जाड करणारा वेगळा. दोघांची नावं पाठ असली म्हणून त्यांना हुकूम सोडता येत नाही. "क्रिकोथायरॉइड जरा आवळ" असं सांगून कुणाचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लागलेला मी अजून पाहिला नाही. त्यात गाणाऱ्याला स्वतःचा आवाजही धड ऐकू येत नाही. हवेतून कानात शिरणाऱ्या आवाजात कवटीच्या हाडांतून आलेला आवाज मिसळतो, आणि आतून ऐकलेला आवाज बाहेरच्यापेक्षा भरदार भासतो. पहिल्यांदा स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकणारा "हा मी नव्हेच" म्हणतो ते यामुळेच.

म्हणजे वाद्य दिसत नाही, हाताला लागत नाही, स्नायू ऐकत नाहीत आणि कानांची साक्ष धरता येत नाही. अशा वेळी शिकवणाऱ्याजवळ गाऊन दाखवणं उरतं, आणि "जणू" उरतं. गाऊन दाखवणं सगळ्यांत मोठं. पण शिष्य ऐकतो तो शिकवणाऱ्याच्या गळ्यातून निघालेला आवाज. त्याचा गळा निराळा. मग पुन्हा "जणू"कडेच यावं लागतं.

शिवाय उपमा टाळायची म्हटली तरी टळत नाही. सुराला कुठे उंची असते? त्याला कंपनांची संख्या असते. तरी सूर चढतो, उतरतो, पट्टी वरची आणि खालची. मग नवा शिष्य वरच्या सुराला हनुवटी उचलतो, खांदे उचलतो, भुवया ताणतो. टाचा उचलणारेही मी पाहिले आहेत. त्यानं आपला शब्द शब्दशः घेतलेला असतो, इतकंच. मराठीत दुसरी जोडीही आहे: जाड आवाज, बारीक आवाज. फारसी बोलणारे सुराला उंच आणि खालचा म्हणत नाहीत, बारीक आणि जाडच म्हणतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डच आणि फारसी बोलणाऱ्यांना सूर ऐकवून तो तसाच गाऊन दाखवायला सांगितला, आणि ऐकवताना पडद्यावर एकेक रेषा दाखवली. रेषा वर असली की खाली, यानं डच मंडळींचे सूर हलले. फारसी मंडळींचे हलले ते रेषा जाड की बारीक यानं. पुढे डच लोकांना थोडा वेळ जाड-बारीकच्या भाषेत बोलायची सवय लावली, तर त्यांचेही सूर जाडीनं हलू लागले. उपमा अशी थेट गळ्यापर्यंत उतरते.

आणि गंमत अशी की शरीराच्या हिशोबानं आपली "बारीक" ही उपमाच जास्त खरी आहे. सूर वर जाताना स्वरतंतू ताणले जातात आणि खरोखर पातळ होतात. पण "बारीक" म्हटलं की मूल आवाज चोरायला लागतं, चिमटीत धरल्यासारखं गातं. सोन्यात घट धरतात तशी प्रत्येक उपमेत घट धरावी लागते. कुठल्या शब्दात किती घट, हे शिकवणाऱ्याला माहीत हवं.

आता माझी गोष्ट सांगते. मी सतरा वर्षांची असताना ज्यांच्याकडे शिकत होते त्यांचं नाव घेत नाही; माणूस प्रेमळ होता आणि त्यांच्याकडून मला पुष्कळ मिळालं. रोज सकाळी खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाझ. "आवाज नाभीतून काढ." मी काढला. म्हणजे काय केलं, तर पोट आवळून आत ओढलं आणि बेंबीपाशी सगळा जोर लावून सूर ढकलला. आवाज मोठा आला. ते म्हणाले, "वा." पुढची दोन वर्षं मी बेंबीशी कुस्ती केली. दुपारपर्यंत आवाज घोगरा व्हायचा, मध्य सप्तकातल्या पंचमाच्या वर चिरकायचा. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: "अजून खालून येत नाहीये." मग मी आणखी खालून ढकलायची. शेवटी घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाकातून बारीक नळी घालून पडद्यावर माझे स्वरतंतू दाखवले. कडा सुजलेल्या, लालसर. "इतके आपटता कशाला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी गळ्याला जोर देतच नाही, मी नाभीतून गाते. ते थोडा वेळ माझ्याकडे नुसते बघत राहिले.

चूक कुठे झाली ते उमजायला पुढे काही वर्षं गेली. श्वासपटल, ज्याला आपण सगळे बेधडक डायफ्रॅम म्हणतो, ते श्वास आत घेण्याचं काम करतं. ते खाली सरकलं की पोट पुढे येतं. गाताना हवा बाहेर चाललेली असते. तेव्हा ते सैल होत वर जातं, आणि फासळ्यांचे नि पोटाचे स्नायू मिळून हवेचा वेग सांभाळतात. तेव्हा "डायफ्रॅममधून गा" हे वाक्य शास्त्राचं वाटलं तरी तेही नाभीइतकंच "जणू"तलं आहे. माझ्या गुरुजींना बहुधा म्हणायचं होतं: मानेत आणि खांद्यांत जोर धरू नको, श्वास खाली निवांत बसू दे, सोडताना घाई करू नको. हे त्यांना स्वतःला साधलं असेल तेव्हा जोर कुठेच जाणवला नसणार. पोटाच्या खालच्या भागात काहीतरी भरलेलं, जागं वाटलं असणार. त्याला त्यांनी नाभी म्हटलं. त्यांच्यापुरतं ते खरंच होतं.

माझं सगळं म्हणणं इथे आहे. आपल्या बहुतेक प्रतिमा म्हणजे आवाज नीट लागल्यानंतर आपल्याला जे वाटलं त्याची आठवण असते. आधी आवाज लागला, मग कपाळ झिणझिणलं. शिष्याला देताना आपण ते उलटं करून देतो: आधी कपाळ झिणझिणव, म्हणजे आवाज लागेल. धूर दिसला की आग असणार, हे तर्कशास्त्र शिकवणाऱ्यांनी पूर्वीच सांगून ठेवलं आहे. पण म्हणून धूर करून आग पेटवायला कुणी बसत नाही. (बघा, मीसुद्धा उपमाच दिली. सवय जाता जात नाही.)

लिली लेमान या जर्मन गायिकेनं १९०२ साली स्वतःच्या गायनकलेवर पुस्तक लिहिलं. त्यात माणसाच्या डोक्याची आकृती काढून कुठला सूर टाळूत, कवटीत नेमका कुठे जाणवतो त्याच्या रेषा आखल्या आहेत. बाई फार मोठ्या गायिका. स्वतःला काय जाणवतं हे इतक्या चिकाटीनं टिपून ठेवणं हेही मोठंच काम. पण तो नकाशा त्यांच्या डोक्याचा. तो हातात धरून दुसऱ्याच्या डोक्यात हिंडलं तर पत्ता सापडेलच असं नाही.

कपाळाचंच घ्या. आवाजातली जी धार माइकशिवाय गाणाऱ्या ऑपेरा गायकाला अख्ख्या वाद्यवृंदाच्या वर ऐकू आणते, ती साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास एकवटलेली असते. स्वीडनचे आवाजाचे अभ्यासक योहान सुंडबर्ग यांनी हे बारकाईनं अभ्यासलं. ही धार तयार होते स्वरतंतूंच्या लगेच वरच्या अरुंद नळीत, आणि वाद्यवृंदाचा जोर त्या पट्ट्यात कमी असल्यामुळे ती कानाला वेगळी सापडते. कपाळातल्या आणि गालांमागच्या पोकळ्यांचा यात म्हणण्यासारखा हात नसतो. कपाळात जे झिणझिणतं ते आतल्या आवाजाचं तिथवर पोचलेलं कंपन. खूण म्हणून ती उत्तम आहे. ज्याला ती आपोआप जाणवली त्यानं जरूर लक्षात ठेवावी. ज्याला नाही जाणवली त्यानं ती शोधत बसण्याचं कारण नाही.

माझ्याकडे एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा यायचा. त्याला मी महिनाभर "कपाळात आण, कपाळात आण" म्हणत होते. गाताना त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. मला वाटायचं, काय मन लावून गातोय पोरगा. एक दिवस सहज विचारलं, "कपाळात म्हणजे तुला कुठे वाटतं रे?" त्यानं दोन भुवयांच्या मधोमध बोट टेकवलं. "इथे," तो म्हणाला, "पण इथे दुखतं."

आवाजाला शरीरात जागा नेमून देण्याची ही खोड फार जुनी आहे. तेराव्या शतकातल्या शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरात मंद्र म्हणजे खालचा आवाज हृदयात, मध्य कंठात आणि तार म्हणजे वरचा मस्तकात सांगितला आहे, आणि प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. त्याच शतकात पॅरिसमध्ये लिहिणारा मोराव्हियाचा जेरोम नावाचा भिक्षू छातीचा, घशाचा आणि डोक्याचा असे तीन आवाज मोजतो. दोघांना एकमेकांचा पत्ताही नसणार. इतक्या दूरच्या दोन माणसांना सारखंच वाटलं, त्याअर्थी वाटण्यात काहीतरी तथ्य आहे: खालच्या सुरांना छाती थरथरते, वरच्यांना डोकं. ते दुप्पटीचं गणित तर आजच्या मोजमापालाही तंतोतंत उतरतं: एक सप्तक वर गेलं की कंपनांची संख्या दुप्पट होते. आणि नाभी? संगीतरत्नाकरातच नाभीतला नाद "अतिसूक्ष्म" म्हटला आहे. मी बापडी दोन वर्षं तिथून ओरडत होते.

यावर काही जण म्हणतील, सोडा ती काव्यं, मुलांना शरीरशास्त्र शिकवा. शिकवाच, शिकवणाऱ्यांना तर ते यायलाच हवं. पण शास्त्राचा शब्द शिष्याच्या कानात शिरेपर्यंत शास्त्राचा राहतो असं समजू नका. मानुएल गार्सिया हा गायनशिक्षक. त्यानं १८५४ साली दोन आरसे आणि सूर्यप्रकाश यांच्या मदतीनं गाताना स्वतःचे स्वरतंतू पाहिले आणि १८५५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते निरीक्षण मांडलं. प्रत्यक्ष पाहिलेला माणूस. त्यानं सुराच्या स्वच्छ सुरुवातीसाठी "कू द ला ग्लॉत", म्हणजे कंठद्वाराचा ठोका, असा शब्द वापरला होता. त्याला अभिप्रेत होती ती बारीकशी, नेमकी सुरुवात. छातीतून खोकल्यासारखा धक्का म्हणजे ही नव्हे, असं त्यानं बजावलंही होतं. लोकांनी "ठोका" तेवढा ऐकला आणि सूर ठोकायला सुरुवात केली. गळे बिघडल्याचं खापर गार्सियाच्या माथी आलं. १०१ वर्षं जगला बिचारा. या एका शब्दाचे खुलासे करायला तेवढी पुरली की नाही कोण जाणे.

मग काय करायचं? मला अनुभवानं एक फरक कळला आहे, तो तुमच्यापुढे ठेवते. काही प्रतिमा जागा सांगतात: कपाळात आण, नाभीतून काढ, चेहऱ्याच्या मुखवट्यात ठेव. काही प्रतिमा कृती सांगतात: लांबच्याला हाक मार, फुलाचा वास घे, काचेवर वाफ धर, पतंगाला ढील दे. जागेच्या प्रतिमा फसतात. शिष्य ती जागा शरीरात शोधायला लागतो, तिथे स्नायू आवळतो, आणि आवळलेलं काहीही गाण्याच्या कामाचं नसतं. कृतीच्या प्रतिमा चालतात, कारण ती कृती शरीराला आधीपासून येत असते. लांबवरच्या माणसाला "अहोऽऽ" अशी हाक मारताना कुणी डायफ्रॅम आठवत नाही. श्वास आपसूक भरतो, जबडा सुटतो, स्वर लांबतो, आवाज पल्ला धरतो. फुलाचा वास घेताना श्वास आवाज न करता खोल जातो आणि खांदे जागचे हलत नाहीत. मला पाच मिनिटं बोलून जे साधत नाही ते एका हुंगण्यात साधतं.

शिकण्यावर काम करणाऱ्यांनाही यासारखंच काही सापडलं आहे, गाण्यापासून फार दूर. गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना स्कीइंगच्या सरावयंत्रावर उभं केलं. काहींना सांगितलं, पायांवर लक्ष द्या. काहींना सांगितलं, पायांखालच्या चाकांवर लक्ष द्या. अंतर काही बोटांचं. चाकांवर लक्ष देणाऱ्यांना ते कसब अधिक चांगलं साधलं. लक्ष शरीरावरून उठून कामावर गेलं की शरीर आपलं काम नीट करतं, असं मी त्यातून घेतलं. यंत्रावरची माणसं आणि गाणारी माणसं यांत फरक आहे हे मान्य. पण वर्गात करून पाहायला काय हरकत?

कृतीची प्रतिमासुद्धा आंधळेपणानं देऊ नये. जांभई घ्या. जांभई देताना स्वरयंत्र खाली येतं, मऊ टाळू उचलला जातो, घशात मागे ऐसपैस जागा होते. म्हणून "जांभईची सुरुवात आठव" ही सूचना मला फार आवडते, विशेषतः 'आ'कार दाबून लावणाऱ्या मुलांसाठी. पण सुरुवात म्हणजे सुरुवातच. जांभई पुरी झाली की जीभ मागे ओढली जाते, आवाज गिळल्यासारखा, अंधारा होतो, शब्द लोळागोळा होतात. माझी एक विद्यार्थिनी सहा महिने सगळं गाणं जांभईत गात होती. मीच सांगितलं होतं. थांब कधी, ते सांगायला विसरले होते. औषध सुरू केलं तसं ते बंद कधी करायचं हेही चिठ्ठीवर लिहावं लागतं.

आणि काहींना चित्रं दिसतच नाहीत. हे मला फार उशिरा कळलं. एक मुलगी होती, सुराला पक्की, लयीला त्याहून पक्की. तिला म्हटलं, "डोळे मीट, समोर शांत तळं आहे, त्यावर सूर अलगद सोड." ती डोळे मिटून उभी राहिली आणि काही वेळानं म्हणाली, "ताई, मला तळं दिसत नाहीये. काळं दिसतंय." मी म्हटलं, "प्रयत्न कर." तिनं केला. पुढच्या आठवड्यात पुन्हा केला. मी मनात तिच्यावर शिक्का मारून मोकळी झाले: गळा आहे, कल्पनाशक्ती नाही. मनात चित्र उभं करण्याची कुवत माणसागणिक कमी-जास्त असते, याची चौकशी इंग्लिश संशोधक फ्रान्सिस गॉल्टननं १८८० मध्येच केली होती. काही माणसांच्या मनात चित्र अजिबात उमटत नाही. याला २०१५ साली मेंदूतज्ज्ञ अ‍ॅडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अफँटेझिया हे नाव दिलं. हा आजार नव्हे, दोषही नव्हे. या माणसांची कल्पनाशक्ती दुसऱ्या वाटेनं चालते. हे वाचलं त्या रात्री मला ती "काळं दिसतंय" म्हणणारी पोर आठवली. तिच्याकडे मी नंतर येतेच.

त्याआधी एक नाजूक गोष्ट. आपण सुरासाठी उपमा देतो तशा शिष्याच्या आवाजालाही देतो, आणि त्या देताना जीभ जरा जास्तच सैल सोडतो. फाटका गळा. पत्र्याचा आवाज. गाण्यात जीव नाही, मढं गातंय. आपण विनोदात बोलतो, वर्ग हसतो, तोही हसतो. सुरासाठी दिलेली उपमा तो वर्गातून बाहेर पडताना विसरेल. ही विसरणार नाही. चाळिशी उलटलेली माणसं माझ्याकडे नव्यानं शिकायला येतात. "मला गाता येत नाही" असं ती सांगतात तेव्हा मी विचारते, कोणी सांगितलं? दर वेळी एक माणूस निघतो, आणि दर वेळी एक उपमा निघते, जशीच्या तशी, तीस वर्षं जपलेली.

वयात येणाऱ्या मुलांचं तर विचारू नका. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली येतो. आपण त्याला म्हणतो, आवाज फुटला. काल वरच्या पट्टीत गाणाऱ्या पोराला आज वाटतं, आपलं काहीतरी मोडलं. काही मुलं गाणं तिथेच सोडतात. आपल्या भाषेत "फुटणं" दोन अर्थांनी चालतं हे आपण त्याला सांगत नाही. काच फुटते तशी पालवीही फुटते, आणि पाखराला कंठ फुटतो तो काही मोडत नाही. आठ्या घालणाऱ्या माझ्या त्या मुलाचा आवाज पुढे वर्षभरात फुटला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. त्याच्यावर काय परिणाम झाला ते नक्की सांगता येणार नाही, पण त्यानं येणं बंद केलं नाही. त्या काळात त्याला हलकं, खालच्या पट्टीत, थोडा थोडा वेळ गायला दिलं. बाकी काम निसर्गानं केलं.

तेव्हा मंडळी, मागणं फार मोठं नाही. प्रतिमा देताना ती प्रतिमा आहे हे मोकळेपणानं सांगा. "आवाज कपाळात असतो" आणि "आवाज कपाळात आहे असं समजून गा" या दोन वाक्यांत दोन-तीन शब्दांचाच फरक आहे, पण पहिल्यासारख्याच एका वाक्यापायी माझी दोन वर्षं गेली. दिली की लगेच कानानं तपासा, डोळ्यांनी तपासा: मान ताठली का, जबडा अडकला का, आवाज मोकळा झाला की नुसता मोठा झाला? दोन-चार प्रयत्नांत फरक पडला नाही तर ती परत घ्या, दुसरी काढा, आणि चूक शिष्याच्या खात्यावर मांडू नका. "अजून खालून येत नाहीये" हे उत्तर कायमचं बंद करू या. गाऊन दुखत असेल तर प्रतिमा कितीही सुंदर असो, थांबवा. दोन-तीन आठवडे आवाज बसलेलाच राहिला तर डॉक्टरांकडे पाठवा, रियाझ वाढवायला सांगू नका.

आणि सूर छान लागला की आपण चटकन वर्णन करायला धावतो: "बघ, आता कसा कपाळात आला!" ते तेवढं टाळा. अवघड आहे; माझी जीभ अजून वळवळते. त्याऐवजी विचारा, "आत्ता काय वाटलं?" आणि मग गप्प बसा. बरेच जण म्हणतात, "माहीत नाही." हेही चालेल. काही जण असं काही सांगतात की ऐकत राहावं. कुणी म्हणतो, काहीच केलं नाही असं वाटलं. एका निवृत्त शिक्षकांनी सांगितलं, फळ्यावर खडू न करकरता रेघ ओढली गेली की जसं वाटायचं तसं वाटलं. मी अशा गोष्टी वहीत ज्याच्या-त्याच्या नावापुढे लिहून ठेवते. पुढच्या वेळी तोच सूर अडला की त्याला त्याचाच शब्द परत देते.

ती काळं दिसणारी मुलगी. तार षड्जावर ती अडायची. पोचायची, पण पोचल्या क्षणी त्याला घट्ट धरायची, आणि धरला की तो बसायचा. मी तळं, ढग, पक्षी, सगळं वापरून झालं होतं. एक दिवस काही न सांगता तिला नुसतं हातानं हवेत कमान काढत गायला लावलं. चौथ्या-पाचव्या खेपेला तो लागला, आणि नुसता लागला नाही, ठरला. मी विचारलं, काय वाटलं? ती म्हणाली, "चादर झटकून अंथरताना ती वर फुगते ना, आणि खाली यायच्या आधी एवढासा वेळ थांबते. हाताला कळतं ते. तसं."

मी घरी येऊन चादर झटकून पाहिली. दोनदा. मला त्यात तार षड्ज काही सापडला नाही. वहीत तिच्या नावापुढे "चादर" एवढंच लिहिलं आहे, आणि तो शब्द मी दुसऱ्या कुणाला दिलेला नाही.

आपली,
गाणं शिकवणारी एक